टोपी काढायची राहिली

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला वायर म्हणायचं नाही. वायर म्हणजे ती इस्त्रीची, मिक्सरची, जिच्यात तांबं असतं आणि तांब्यातून करंट जातो. मी केबल आहे, ऑप्टिकल केबल, आणि आता चांगली जुनी झाले आहे. माझ्या पोटात तांब्याचा केससुद्धा नाही. आहे तो शेवईएवढा एक पारदर्शक तंतू, आणि त्यातून जातो उजेड. सीडी प्लेयर गाण्याचा लाल उजेड करतो, मी तो पलीकडे पोचवते, अँप्लिफायर त्याचं पुन्हा गाणं करतो आणि स्पीकर ते तुम्हाला ऐकवतात. नाव होतं स्पीकरचं. असू दे, माझी तक्रार ती नाही. माझी तक्रार दुसरीच आहे, आणि ती मी आज सांगणारच, कारण ज्यांना तोंड होतं ते नको तेव्हा बोलले आणि मला तोंड नव्हतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो अंधेरीच्या एका दुकानातला हूक. त्या हुकावर मी काळ्या झग्यात, गोल वेटोळं करून टांगलेली होते. माझ्या दोन्ही टोकांना दोन टोप्या होत्या. पारदर्शक, करंगळीच्या नखाएवढ्या. आमच्या टोकाला धूळ लागली किंवा ओरखडा पडला की उजेड अडतो, म्हणून कारखान्यातून निघताना आम्हाला टोप्या घालतात. प्रवासापुरत्या, मित्रांनो! मुक्कामाला पोचलं की त्या काढायच्या असतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मला विकत घेतलं निलेशने. तेव्हा त्याला गाण्याचं नवीनच वेड लागलं होतं. दिंडोशीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. हॉलमध्ये त्याने प्लेयर मांडला होता, अँप्लिफायर मांडला होता आणि दोघांच्या मध्ये लाल-पांढऱ्या साध्या वायरी लावल्या होत्या. मी आले आणि त्याने त्या उपटून कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. "आता बघा बाबा, झकास आवाज येईल!" असं वडिलांना म्हणत त्याने माझ्या टोप्या काढल्या आणि मला खटकन बसवलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला गर्व झाला. त्या दोघी बिचाऱ्या पिशवीत पडून माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे त्यांची आठवण येण्याची वेळ माझ्यावर आली.

निलेशच्या वडिलांचं नाव दत्ताराम. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बाबा मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कांदिवलीच्या एका औषधांच्या कंपनीत लागले, पॅकिंग खात्यात. तिथे वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोरून जाणाऱ्या बाटल्यांच्या टोप्या तपासायच्या. टोपी सैल असेल तर घट्ट करायची, नसेल तर बाटली बाजूला काढायची. पाळी संपली की टोप्या मोजून द्यायच्या. नोकरी संपली, पण टोपी काही बाबांच्या डोक्यातून गेली नाही. तेलाच्या बाटलीला टोपी, पेनाला टोपी, टूथपेस्टला टोपी. रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी त्यांनी कधी काढू दिली नाही, फ्रिजच्या दांड्यावर कव्हर, सोफ्यावर कव्हर. पाहुणे बसले की सोफा कुरकुर वाजायचा. निलेशने फेकलेल्या माझ्या दोन टोप्या बाबांनी जमिनीवरून उचलल्या, धोतराला... नाही, चुकले, लुंगीला पुसल्या आणि पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत घालून कपाटात ठेवल्या. "लागतील कधीतरी," म्हणाले.

निलेशची आई रत्नप्रभा हे सगळं बघून हसायची. "माका पण एक टोपी घाला आणि ठेवा कपाटात!" असं ती त्यांना म्हणायची. नवराबायको आपापसात मालवणीच बोलत.

ह्या आईचा आवाज मोठा गोड होता. गौरी-गणपतीत अख्ख्या वसाहतीतल्या बायका तिला फुगड्यांच्या गाण्यांसाठी बोलवायच्या. तिला गावाकडची पंचवीस-तीस गाणी तोंडपाठ होती आणि लिहून कुठेच ठेवलेली नव्हती. निलेशला एकदा बुद्धी झाली. एका रविवारी त्याने लॅपटॉपला माइक लावला, आईला सोफ्यावर बसवलं आणि तिच्याकडून सहा गाणी म्हणून घेतली. त्याची सीडी केली. वर निळ्या मार्करने दोनच अक्षरं लिहिली, 'आई'.

त्या सीडीतल्या तिसऱ्या गाण्यात एक गंमत होती. गाणं ऐन रंगात आलेलं असताना आई मध्येच थांबते आणि म्हणते, "ओ, तो पंखो बंद करा बघया! माझो आवाज खाता तो." मग लांबून बाबांचा आवाज येतो, "करतंय गो, करतंय." खट्ट असा बटणाचा आवाज, आणि आई गाणं पुढे सुरू करते. निलेश ते कापून टाकणार होता. आईनेच कापू दिलं नाही. "ऱ्हवांदे," म्हणाली, "माझा ऐकलंनी ह्याचो पुरावो!" म्हणजे नवऱ्याने आपलं ऐकलं ह्याचा पुरावा. सगळे पोट धरून हसले.

ते माझे चांगले दिवस, मित्रांनो. मग निलेशचं लग्न झालं, रुचिरा घरात आली, गाणी मोबाइलवर आली. निलेशने सीड्या वाटून टाकल्या. प्लेयर, अँप्लिफायर आणि मी भिंतीकडे तोंड करून धूळ खात बसलो. आमच्याकडे फक्त आईची ती एक सीडी उरली. तिच्याकडे लक्ष द्यायचं कुणाला कारण नव्हतं. आई तर स्वयंपाकघरात चालतीबोलती होती.

मग एका उन्हाळ्यात आई आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

पंधरा-वीस दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. मग एका दुपारी, निलेश आणि रुचिरा कामावर गेलेले असताना, बाबा प्लेयरपुढे येऊन बसले. चष्मा लावून एकेक बटण वाचलं. सीडी घातली. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्यातून उजेड गेला आणि आईचा आवाज खोलीभर झाला! तिसरं गाणं आलं. "ओ, तो पंखो बंद करा बघया!" आई म्हणाली. बाबा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी डोक्यावरचा पंखा खरोखरच बंद केला. "करतंय गो," म्हणाले. पुढची तीन गाणी त्यांनी घामाघूम होऊन ऐकली.

त्यानंतर रोज दुपारी हेच. जेवण, सीडी, तिसऱ्या गाण्याला पंखा बंद. वर्ष होत आलं तरी एक दिवस खंड नाही. अख्ख्या दिवसात ह्या माणसाचा चेहरा तेवढाच पाऊण तास बरा दिसायचा. आणि तो पाऊण तास माझ्या जिवावर चालत होता, ह्याचा मला अभिमान होता. का नसावा?

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं घराला रंग काढायचं ठरलं. सामान हलवायचं म्हणून बाबांनी आम्हाला स्वतः सोडवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला अलगद ओढून काढलं, मऊ फडक्याने पुसलं, पेपरमिंटची डबी उघडली आणि माझ्या दोन्ही टोकांना त्या दोन टोप्या घट्ट बसवल्या. "रंगाचा कण जायला नको," म्हणाले. त्यांच्यासारखी माया माझ्यावर कुणी केली नाही, हे मी आजही सांगते. लोक एकमेकांना टोपी घालतात म्हणजे फसवतात ना? मला टोपी घातली ती जपण्यासाठी, आणि फसला तो घालणाराच. अति तिथे माती म्हणतात ते उगीच नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी घरात वीस-बावीस माणसं होती. मुलुंडहून आईची धाकटी बहीण मंजुळा आली होती. जेवणं झाली, पानं उचलली, आणि ती निलेशला म्हणाली, "रे, ताईचो आवाज माका एकदा ऐकव. मी ती शिडी कधी ऐकूक नाय." शिडी म्हणजे सीडी.

प्लेयर अजून जोडायचा होता. निलेशच्या कानाला फोन होता, ऑफिसमधून कुणीतरी डोकं खात होतं. एका हाताने त्याने मला जोडायला घेतलं. प्लेयरच्या बाजूची टोपी त्याच्या बोटाला लागली, ती त्याने काढून टेबलावर ठेवली. अँप्लिफायरच्या मागे त्याला दिसत नव्हतं. माझं दुसरं टोक त्याने टोपीसकट भोकात घातलं. जाईना, म्हणून जोर लावला. मी जिवाच्या आकांताने आडवी येत होते! पण टोपी पारदर्शक, जागा अंधारी, आणि निलेशचं लक्ष फोनमध्ये. मी अर्धी आत जाऊन तिरकी अडकले.

सीडी फिरू लागली. प्लेयरच्या काचेवर आकडे पळू लागले. स्पीकर मात्र गप्प.

निलेशने आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. पहिलं गाणं मुक्यानेच संपलं, दुसरं संपलं. काचेवर तीनचा आकडा आला आणि बाबा जागेवरून उठले. त्यांना मिनिटं पाठ होती. त्यांनी पंखा बंद केला आणि स्पीकरकडे बघत उभे राहिले. वीस माणसं घामात बसली आणि कुणीही पंखा लावा म्हणालं नाही.

"गेली सीडी," निलेश म्हणाला.

रुचिरा दारात उभी होती. ती म्हणाली, "निलेश, आकडे पळतायत ना? मग सीडी चालतेय की. ती वायर एकदा काढून परत लावून बघ."

मित्रांनो, वायर म्हणाली तरी मी तिला माफ केलं! एवढ्या माणसांत एकटीला अक्कल होती.

"वायर डिजिटल आहे गं, ती अशी बिघडत नाय," निलेश म्हणाला. "तुला काय कळतं त्यातलं? घरी बनवलेली सीडी आहे. दहा-बारा वर्षांत मरतेच ती. गूगल कर."

रुचिरा दारातूनच मागे फिरली. मंजुळा डोळे पुसत उठली. "ऱ्हवांदे रे," म्हणाली, "माझ्या नशिबात नाय तो आवाज."

अँप्लिफायरवर एक छोटा दिवा सारखा लुकलुकत होता. समोरून काही पोचत नाही, असं तो सांगत होता. कुणी बघितला? निलेशचा राग अनावर झाला होता. खरं तर ते रडू होतं. त्याने मला मागून खसकन ओढलं. मी बाहेर आले आणि टोपी आत अडकून राहिली.

दुसरी सीडी लावून बघावी तर दुसरी सीडीच नव्हती. दुसऱ्या वायरी लावाव्यात तर त्या माझ्यापायी केव्हाच कचऱ्यात गेल्या होत्या. ज्या लॅपटॉपवर गाणी घेतली तो मोडीत गेला होता. संध्याकाळी बाबांनी टेबलावरची ती एक टोपी उचलली, डबीत ठेवली आणि डबी बंद केली. दुसरी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं नाही. वीस वर्षं टोप्या मोजणाऱ्या माणसाने त्या दिवशी दोन टोप्या मोजल्या नाहीत. मी त्यांना दोष तरी कसा देऊ?

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आमच्या हॉलच्या खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. शेजारणीने सुचवलं, जुनी सीडी टांगा, चमकते, कबुतरं येत नाहीत. दिंडोशीत दर दुसऱ्या खिडकीत तुम्हाला ती दिसेल. बाबांनी हे ऐकलं आणि आत जाऊन 'आई' लिहिलेली सीडी घेऊन आले.

"अहो बाबा, ती नको," रुचिरा कळवळून म्हणाली.

"मेलीच आहे ना ती? मग कपाटात ठेवून काय करू? इथे डोळ्यांसमोर तरी राहील. तिला कबुतरांचा भारी राग होता," बाबा म्हणाले. आणि सुतळी सापडेना म्हणून त्यांनी मलाच घेतलं. सीडीच्या भोकातून मला ओवलं आणि खिडकीच्या ग्रिलला सैलसर गाठ मारली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी म्हण आहे तुमच्यात. इथे संन्याशाला खरोखरच टांगलं, आणि दोर केलं मला. जिचा आवाज मी वर्षभर रोज वाहिला तिला गळ्यात घेऊन मी उन्हात लटकत राहिले. ती ठणठणीत होती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. रोज दुपारी बाबा खिडकीत येऊन तिच्याकडे बघत उभे राहायचे आणि मला ओरडावंसं वाटायचं, की अहो काढा तिला, घरात न्या, ऊन लागतंय तिला! उन्हाने सीडी आतून करपत जाते, मित्रांनो. पहिल्याच उन्हाळ्यात तिचा रंग गेला. मग पावसाळ्यात वरचा चंदेरी पापुद्रा कडेने सुटू लागला. निळी अक्षरं वाहून गेली. आणि कबुतरं? ती आठवडाभर घाबरली. नंतर माझ्यावरच बसून घुमू लागली.

दीड वर्ष असं गेलं. गेल्या महिन्यात निलेशने टीव्हीखाली ठेवायला लांबट नवा स्पीकर आणला. जुना अँप्लिफायर भंगारात द्यायचं ठरलं. द्यायचा तरी पुसून द्यावा, म्हणून रुचिराने तो उलटा केला. मी खिडकीतून बघत होते. ती थबकली, डोक्यातली पिन काढली आणि मागच्या भोकात घालून काहीतरी उकरलं.

"बाबा, हे काय अडकलं होतं बघा ह्याच्यात."

तिच्या तळहातावर ती टोपी होती.

बाबांना चष्म्याची गरज पडली नाही. ते उठून कपाटाकडे गेले, पेपरमिंटची डबी आणली, उघडली. आत एकच टोपी. त्यांनी दोन्ही टोप्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही मीच लावलेली," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे सीडी चांगली होती?"

रुचिराने तोंडावर ओढणी धरली होती.

बाबा खिडकीशी आले. त्यांनी माझी गाठ सोडवली. सीडी हातात घेतली तर तिच्यातून पलीकडची इमारत दिसत होती. चंदेरी पापुद्र्याचे तुकडे त्यांच्या बोटांना चिकटले. त्यांनी ते झटकले नाहीत. फडक्याने मला पुसलं, सरळ केलं, एका टोकाशी मोबाइलची बॅटरी धरली. दुसऱ्या टोकातून उजेड आला. मी शाबूत होते, मित्रांनो. उन्हापावसात लटकून, कबुतरांची घाण अंगावर घेऊन मी शाबूत होते. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मी मोडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी मला नीट जोडलं. टोपीशिवाय. दोन्ही बाजूंनी खट्ट असा आवाज आला. सीडी आत सरकवली. प्लेयरने ती फिरवून बघितली, थांबला, पुन्हा फिरवली. तीनदा प्रयत्न केला त्याने. मग काचेवर अक्षरं आली, आत सीडीच नाही म्हणून. माझ्यातून मात्र लाल उजेड वाहत होता, इकडून तिकडे, नुसताच.

"बाबा, राहू द्या ना आता," रुचिरा म्हणाली. बाबा बसून राहिले. पहिल्या गाण्याएवढा वेळ गेला. दुसऱ्या गाण्याएवढा गेला.

इथे रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला म्हणायला हवं, की मुलांनो, आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. नाही म्हणत. जपण्यानेच आमची वाट लागली. वस्तू आणली की तिची टोपी काढा, कव्हर फाडा, ती वापरा, वापरून झिजवा. ती गप्प झाली तर तिला मेली म्हणण्याआधी एकदा मागे वाकून बघा. घरात कुणी "एकदा काढून परत लावून बघ" म्हणालं तर त्याला "तुला काय कळतं" म्हणू नका. आणि ज्या माणसाचा आवाज तुम्हाला आवडतो त्याची एकच सीडी करून निवांत बसू नका.

तिसऱ्या गाण्याची वेळ झाली तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला.

"करतंय गो," ते म्हणाले, "करतंय."

मग ते माझ्यासमोर येऊन बसले आणि पुढच्या तीन गाण्यांएवढा वेळ तसेच बसून राहिले.